लेथ नंबर चारचं रजिस्टर

भोसरीच्या आमच्या शेडमध्ये तेव्हा भिंतीवर एक फळा होता,
मधोमध पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ.
डावीकडे दिवसपाळी, उजवीकडे रात्रपाळी.
महिनाअखेरीला ज्यांचे नग जास्त
त्यांना एक ढाल, पेढ्यांचा पुडा
आणि साहेबांच्या शेजारी उभं राहून फोटो.

मी तपासणीला. साडेनऊ ते सहा.
म्हणजे दोन्ही पाळ्यांची मी कुणीच नाही.
माझ्या हातात फक्त गेज:
एक जाणारं टोक, एक न जाणारं.

त्या दिवसांतलं रजिस्टर काढून बघा.
पानोपानी एकच शेरा, सर्व ठीक.
काळोख्यांची सही, खाली मुलाणींची सही,
अक्षर वळणदार, भांडणाचा मागमूस नाही.

भांडण लॉकरमध्ये होतं.
सहा नंबरची ऍलन की काळोखे घरी न्यायचे,
डब्याच्या पिशवीत, चपातीच्या फडक्यात गुंडाळून.
मुलाणी टिपांचे चारी कोपरे झिजवून
परत डबीत लावायचे, ओळीने, नव्यासारख्या,
सकाळच्यांसाठी.
बेअरिंग करकरायला लागलं ते दोघांनीही ऐकलं
आणि दोघांनीही वाट पाहिली
ते दुसऱ्याच्या पाळीत बसण्याची.

मी एकदा मीटिंगमध्ये म्हणाले, चारमधून आवाज येतोय.
साहेब म्हणाले, बाई, स्पर्धा निरोगी आहे.
होती की.
आजारी होतं ते मशीन.

मग चाकणहून गाडी परत आली.
चौदाशे हाउसिंग, बोअर चार शतांशांनी मोठा.
कुठल्या पाळीचे, ते त्यांनी लिहिलं नव्हतं.
गिऱ्हाइकाच्या कागदावर
आमची शेड एकच होती.

गुरुवारी, सुट्टी मोडून, सगळ्यांना बोलावलं.
फरशीवर पोती अंथरून बसलो,
एकेक नग गेजवर,
मध्ये चहा, पुन्हा नग.
दोनच्या सुमारास मुलाणींनी एक उचलला,
आतला चरा नखाने चाचपला, म्हणाले,
हा माझा.
टीप बदलायची होती, नाही बदलली.
तीन तास उरले होते
आणि तुम्ही बावीस नगांनी पुढे.

कोणी काही बोललं नाही.
पंखा फिरत होता.
बऱ्याच वेळाने काळोख्यांनी पिशवी ओढली
आणि ऍलन की पोत्यावर ठेवली.
एवढीशी वस्तू.

आता फळ्यावर एकच आकडा असतो, परत आलेले नग.
लोकांना वाटतं, मग भांडणं मिटली असतील.
कुठली! रजिस्टर दीड महिन्यात भरतं.

«फीड कमी करा. किती वेळा सांगायचं? – का.»
«कमी केला तर सोमवारची गाडी तुमचे मेव्हणे भरणार का? – मु.»
«चक घसरतोय. झोपला होता का? – का.»
«घसरतोय हे खरं. जॉ बदलले. झोपलो नव्हतो. – मु.»

परवा सकाळी मी आले तर दोघं अजून चारपाशी,
हातवारे, खडूने फरशीवर आकृती,
मुलाणींच्या दोन बसा गेलेल्या.
माझ्याकडे वळून एकदम दोघंही म्हणाले,
बाई, तुम्हीच सांगा!
मी नाही सांगितलं. मोजून दाखवलं.
दोघंही थोडे थोडे चुकले होते.

रेघ टर्पेंटाइनने पुसली,
तरी तिरक्या उन्हात दिसते अजून.
नवे साहेब आलेत, बाणेरला राहतात.
त्यांनी विचारलं, ही कसली?
मग म्हणाले, ओढून घ्या की पुन्हा, जरा चुरस येईल.
आणि हे रजिस्टर काय, शाळेतली पोरं भांडतात तसं?

मी कपाटातून जुनं काढलं,
धूळ पुसली
आणि त्यांच्या टेबलावर उघडं ठेवलं:
स्वच्छ, वळणदार,
एकही भांडण नसलेलं.
वर ठेवला
चौदाशेतला एक नग.